कूलर बंद करून

ऑडॅसिटी नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. ध्वनिमुद्रणातली घरघर काढायची असेल तर ते आधी आपल्याकडेच एक मागणं मागतं: जिथे कुणीच बोलत नाही असा एखादा तुकडा निवडून द्या. त्यावरून ते खोलीचा गप्पपणा कसा आहे ते शिकतं आणि मग तेवढा सगळीकडून वजा करतं. मला ही कल्पना फार आवडली. पंचाईत एवढीच, की रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरात, जिथे मी आत्याला घेऊन पॉडकास्ट करतो, असा तुकडा सापडेना. आत्या श्वास घ्यायला थांबली की घड्याळ ऐकू येतं, घड्याळामागे फ्रिज, फ्रिज दमला की शेजारच्या गच्चीवरची टाकी भरून वाहू लागते, आणि हे सगळं गप्प झालंच तर आत्या विचारते, "झालं का रे? बोलू?"

त्यात मे महिना. रायपूरचा नौतपा काय असतो ते इथे राहिलेल्यालाच ठाऊक; बाकीच्यांनी पंचेचाळीस अंश हा आकडा वाचून नुसती मान डोलवावी. कूलरशिवाय दुपार निघत नाही आणि कूलर लावून पॉडकास्ट होत नाही. पंखा घोंघावतो, पंप गुरगुरतो, खसवरून पाणी ठिबकत राहतं. म्हणून कूलर बंद, खिडक्या बंद, आणि उंच छताच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर रजया. भर उन्हाळ्यात रजया निघालेल्या पाहून कामवाल्या बाईंनी आमच्याकडे कुणाला तरी थंडीताप आल्याची बातमी गल्लीभर केली. बरं, रजई पिते ती वरच्या पट्टीतले आवाज. विजेच्या पन्नास हर्ट्झच्या घुमघुमीवर तिची मात्रा चालत नाही. एक सल्ला मात्र मी कुणालाही देईन: घरी करायचं तर डायनॅमिक माइक घ्या, कंडेन्सर नको. कंडेन्सरला खालच्या भाजीवाल्याचे भावसुद्धा कळतात. डायनॅमिक तोंडापासून चार बोटांवर धरला की दूरच्या गोष्टींत फारसं लक्ष घालत नाही.

ऐकण्याच्या बाबतीत मी थोडा खडूस आहे. 'मित्रम्हणे' ऐकतो, 'अमुक तमुक' ऐकतो, पण मनातून मला एकटं बोलणारं माणूस आवडतं. दोघं समोरासमोर बसले की पहिली दहा मिनिटं एकमेकांचं कौतुक करण्यातच जातात. माझा भाचा सगळं दीडपट वेगाने ऐकतो. शिवाय मधल्या शांतता आपोआप कापून टाकण्याची सोय त्याच्या फोनवर आहे. त्यातून वाचलेल्या वेळात तो आणखी एक पॉडकास्ट ऐकतो.

आत्याचं सासर भाटापाऱ्याचं. हे नाव महाराष्ट्रात कुणाला माहीत असेल तर ते पोहे गिरण्यांमुळे, किंवा मग रेडिओमुळे. विविध भारतीच्या फर्माइशीत झुमरीतलैयाचं नाव जगजाहीर झालं, पण आमचं भाटापाराही त्याच पंगतीतलं. आत्याचे दीर त्या पंगतीत पहिल्या पाटावर. पंधरा पैशांचं पोस्टकार्ड, त्यावर मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत गाण्याचं नाव, आणि उरलेल्या जागेत घरातल्या सगळ्यांची नावं. आधी वडीलधारी, मग मुलं वयाच्या क्रमाने, मग भाडेकरू. आत्या लग्न होऊन तिथे गेली त्या महिन्यात तिचं नाव पत्रांत चढलं, आणि तेही सासूच्या लगेच खाली, मोठ्या जावेच्या वर. त्यावरून घरात जे झालं ते तिने माझ्या माइकसमोर सांगितलंय, पण तेवढा भाग कापायचं वचन घेऊनच. पत्र टाकलं की वाट पाहणं. निवेदिका यादी वाचू लागली की अख्खं घर चुलीपासून ओसरीपर्यंत थिजायचं. नाव आलं की मग गाण्याशी कुणाला देणंघेणं नसे. गाणं सुरू होताच लोक मोठमोठ्याने बोलायला लागत. "गाणं तर रोजच लागून राहिलं होतं," आत्या म्हणते, "नाव कधी लागते?"

रेडिओला तेव्हा लायसन्स लागे, पोस्टात जाऊन पैसे भरावे लागत. दीर तेही हौसेने करत. २ ऑक्टोबर १९६३ ला रायपूरचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं आणि निवेदक बरसाती भैयांची छत्तीसगढी घरात आली. आत्याच्या सासूला त्यांची भाषा सुनेच्या मराठीपेक्षा जवळची वाटे. मराठी यायची ती रात्री, नागपूरहून. दिवसा मध्यमलहरी शोषून घेणारा वातावरणातला वरचा थर सूर्य मावळला की विरून जातो, म्हणून अंधार पडल्यावर दूरची केंद्रं लागतात. हे मी आत्याला समजावून सांगितलं. ती म्हणाली, आम्हाला वाटायचं दिवसा नागपूरवाले कामात असतात.

गंमत अशी, की या देशातल्या अगदी सुरुवातीच्या प्रसारणांपैकी एक फर्माइशीचंच होतं. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने पोस्ट आणि तार खात्याच्या मदतीने मुंबईहून संगीत प्रसारित केलं, ते गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या विनंतीवरून. साहेबांनी ते पुण्यात बसून ऐकलं. छत्तीसगढचे श्रोते २० ऑगस्टला श्रोता दिवस पाळतात तो त्याची आठवण म्हणून. निवेदकाचा नाही, गायकाचा नाही, ऐकणाऱ्याचा दिवस! मला तर हा सण पोळ्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. गव्हर्नरसाहेबांनी घरच्या मंडळींची नावं कळवली होती का, ही आत्याची शंका मात्र अजून तशीच आहे.

भाचा म्हणतो, हिंदीत करा, ऐकणारे वाढतील. त्याचं चुकतं असं नाही. माधवराव सप्रे आमच्यासारखेच मराठी घरातले. १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' काढलं ते हिंदीत, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं तेही त्यांनीच, आणि १९२६ मध्ये गेले ते इथेच, रायपुरात. त्यांच्यावर एक भाग करायचा म्हणून आत्याला बसवलं. ती मराठीतच बोलली, आमच्या मराठीत, जिच्यात माणसं जात नाहीत, जाऊन राहतात. पुण्याच्या चुलतभावाने ते "जरा सफाईदार" करायला सुचवलं आहे. सफाई करणार नाही. तिचे श्वासही कापणार नाही. दासबोधाचं नाव घेण्याआधी ती जी थांबते, ती थांबणी दीडपट वेगाने ऐकणाऱ्यांच्या नशिबी नाही.

सप्रे पेंड्र्याला पोचले आणि खाली धुमाल आला. कुणाची तरी वरात होती. गाडीवर रचलेले भोंगे, ढोल, कीबोर्ड, दिव्यांचा झगमगाट. खिडकीच्या काचा टेबलाशी जुगलबंदी करू लागल्या. डायनॅमिक माइकही शरण गेला. सॉफ्टवेअरचा गप्पपणाचा हिशेब इथे कामाचा नाही, तो पंख्यासारख्या एकसुरी आवाजाचा; धुमाल दर मात्रेला वेगळा. भाचा म्हणाला, पुन्हा रेकॉर्ड करा. आत्याने हेडफोन काढले, खिडकी उघडली, वाकून नवरामुलगा पाहिला, आणि माइक चालू आहे याची पूर्ण जाणीव ठेवून म्हणाली, "दुर्गवाले याहून बरे वाजवतात."