झोक्याची भीती

झोक्याला भिणारी मुलं असतात, हे मला नातवामुळे कळलं. पाळणा हलला की बाळ निवतं, हे आपण गृहीतच धरलेलं असतं. याचे पाय जमिनीवरून सुटले की हा सगळं अंग आक्रसून घ्यायचा आणि माझा पदर मुठीत गच्च धरायचा. ओल्या वाळूत पाऊल टेकायचा नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच कानांवर हात. नखं कापायची म्हणजे अर्धं घर कामाला लागायचं. कुणी म्हणे लाडावलाय, कुणी म्हणे बापही असाच होता. ज्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे त्याला नेलं, त्या ताईंनी मात्र पहिल्या दिवशी बराच वेळ त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि मला म्हणाल्या, “आजी, हा हट्ट नाही. त्याला हे खरंच इतकं जाणवतं.”

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रियं पाठ केली. पण आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, डोकं कुठे वळलं याची खबर त्या मेंदूला देतात. स्नायू आणि सांधे हात-पाय कुठे आहेत, किती जोर लागला आहे हे कळवत राहतात. म्हणून तर दिवे गेले तरी आपला घास बरोबर तोंडातच जातो. या खबरांची मेंदूत नीट जुळणी झाली नाही तर मुलाचं शिकणं आणि वागणं अडतं, असा विचार जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने मांडला. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1972 चं. पाय अधांतरी झाले की घाबरणाऱ्या मुलांचाही त्यांनी वेगळा विचार केला होता. हे ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आमच्या घरातल्या त्या लहानशा भीतीला कुणीतरी इतकं मनावर घेतलं होतं.

थेरपीच्या खोलीत झोका जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच होता. त्यावर त्याला कुणी बसवलं नाही. आधी त्याने तो हाताने ढकलला. मग पोट टेकवून ओणवा झाला, तळवे जमिनीवर, पावलं जमिनीवर. कितीतरी दिवस एवढंच. झोका हलायचा तो त्याच्याच हातांच्या जोराने, आणि थांबायचाही त्याच्याच मर्जीने. कोपऱ्यात राजम्याने भरलेला टब होता, तळाशी लपवलेल्या गाड्या शोधायला. भिंत ढकलायची, उशांचा ढीग ओढत न्यायचा, बेडकासारख्या उड्या मारायच्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, मूल खेळतंय आणि पैसे कसले घेतात! पण कुठली उडी कशानंतर, कुठे थांबायचं, कुठे थोडं अवघड करायचं, हे सगळं त्या ताईंच्या मनात आखलेलं असायचं. मूल रमलं नाही तर त्या आपला बेत बदलायच्या, मुलाला दटावायच्या नाहीत.

मला तिथे बसल्या बसल्या आमचं लहानपण आठवायचं. सागरगोटे झेलताना डोळा आणि हात एकत्र चालायचे, फुगडीत अख्खं अंगण गरगरायचं, लंगडीत एका पायावर तोल सावरायचा, रांगोळीची चिमूट सोडताना रेघ जाड होऊ द्यायची नाही. आता घरी नातू माझ्याबरोबर कणीक तिंबतो. गणपतीत मोदकाला कळ्या पाडायला बसतो, पिठाचे हात लगेच धुवायला धावत नाही. थेरपीतला तास संपतो, उरलेला दिवस घराचा असतो. तिथे केलेलं घरात उतरलं नाही तर फार काही हाती लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

शेजारच्या खोलीत फिजिओथेरपी चाले. एका मुलीला सेरेब्रल पाल्सी होती. पाय कडक, टाचा टेकायच्या नाहीत. तिच्या आईने मला सांगितलं, मेंदूतली इजा वाढत नाही, पण हाडं वाढतात आणि ताठरलेले स्नायू त्यांच्याबरोबर तेवढे वाढत नाहीत. म्हणून स्ट्रेचिंग, म्हणून गेटर, म्हणजे पाय सरळ धरणारे पट्टे, बांधून उभं राहणं, रोज. ती मुलगी उभी असताना समोरच्या फळ्यावर चित्रं काढायची आणि उभं असल्याचं विसरून जायची.

सगळंच सिद्ध झालेलं आहे असं नाही. वजनदार जाकीट घातलं की मुलाचं लक्ष लागतं, असं म्हणतात, त्याला भक्कम आधार नाही. ज्याला बटण लावायचंय त्याने बटण लावण्याचाच सराव करावा, याला मात्र आहे. “नक्की बरं करतो” म्हणणाऱ्यापासून जपून राहावं.

ऑक्युपेशनल थेरपीची विद्या आपल्याकडे रुजवली ती कमलाबाई निंबकरांनी. जन्माने अमेरिकन, लग्नाने इथल्या झालेल्या. 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विद्येची देशातली पहिली शाळा सुरू केली. तरीही आजसुद्धा व्हरांड्यात भेटणारी प्रत्येक दुसरी आई एकच वाक्य सांगते: “सगळे म्हणाले, थांबा, होईल आपोआप.”

कृपा करून थांबू नका. चार महिने झाले तरी बाळ मान धरत नसेल, नऊ महिन्यांचं होऊन बसत नसेल, दीड वर्षाचं होऊन चालत नसेल, तर दाखवा. वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल तर ते डावखुरं म्हणून कौतुक करू नका, तेही दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येतात, त्यांना विचारा. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र कुठे आहे याची चौकशी करा. तिथे पैसे पडत नाहीत.