वरंधा घाटांत पाऊण तास

भोरहून महाडास जावयाचें तर वरंधा घाट उतरावा लागतो. भोर सोडल्यावर नीरा-देवघर धरणाचें पाणी बराच वेळ रस्त्याच्या सोबतीस असतें. हिरडोशीच्या पुढें तें हळूहळू मागें पडतें आणि डोंगर जवळ येऊं लागतात. कावळ्या किल्ल्याचा डोंगर चिरून हा रस्ता काढलेला आहे. घाटमाथ्यावर पोंचलें कीं एकाएकीं पायांखालीं कोंकण पसरलेलें दिसतें आणि ज्यानें तें पूर्वीं पाहिलेलें नाहीं तो क्षणभर बोलावयाचा थांबतो. पावसाळ्यांत दरडी कोसळतात, म्हणून हा मार्ग पुष्कळदां बंद ठेवावा लागतो. आम्हीं मार्गशीर्षांतला एक स्वच्छ दिवस निवडला होता.

काकूंना शिवथरघळीचें दर्शन घडवावें, हा हेतु. समर्थांनीं दासबोध या घळींत रचला अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनीं १९३० सालीं ही जागा उजेडांत आणली, तेव्हांपासून भाविकांची वर्दळ तेथें सुरू झाली. गाडींत काका, काकू, आमचें कुटुंब, पुतण्या, पुतणी, आमचा धाकटा आणि सुकाणूवर आम्ही, अशीं सात माणसें होतीं. डबे, तिवया आणि काकूंची वळकटी हीं निराळींच.

वाघजाईच्या अलीकडे एका अवघड वळणावर गाडी डाव्या अंगास ओढूं लागली आणि मागून फडफड असा आवाज येऊं लागला. मागचें डावें चाक बसलें होतें.

"अरे, थांब, थांब! टायर चिरडून जाईल!" काका ओरडले.

काकांचें म्हणणें खोटें नव्हतें. हवा गेलेल्या चाकावर गाडी चालविली कीं टायरच्या बाजू लोखंडी कड्याखालीं चेंगरून निकामी होतात; आणि टायर कांहीं चार आण्यांची वस्तु नव्हे. परंतु एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास दरी आणि मागचें कांहींच दिसत नाहीं, अशा जागीं थांबणें आम्हांला पटेना. "काका, वळणाच्या पोटांत थांबलों तर मागून येणाऱ्याला आपण दिसणार नाहीं," एवढेंच आम्हीं म्हटलें. जोरानें ब्रेक न लावतां, सुकाणू घट्ट धरून, लुकलुकणारे दिवे लावून, बैलगाडीच्या चालीनें आम्ही पुढें निघालों. काकांनीं तोंड फिरविलें. घरांत वडील माणसाचा शब्द असा सहसा मोडला जात नाहीं, तेव्हां गाडींत फडफडीखेरीज दुसरा आवाज उरला नाहीं. दुसऱ्या वळणाशीं आलों असूं, तोंच मागून एक टेंपो भरधाव आला आणि आमच्या अंगावरून जातां जातां कसाबसा वांचवून गेला. आम्ही हलत होतों आणि पुढचा रस्ता मोकळा होता, म्हणूनच त्याला जागा मिळाली.

वाघजाईच्या देवळाजवळ चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत आणि गाडी रस्त्यावरून पूर्ण बाजूस घेतां येईल एवढी मोकळी जागाहि आहे. तेथें थांबलों. सर्वांना उतरवून देवळाकडे पाठविलें. धाकट्याचा हात त्याच्या आईनें सोडावयाचा नाहीं, असें बजावलें. पुतण्यानें लाल चकचकीत त्रिकोण पन्नासएक पावलें मागें नेऊन रस्त्याच्या कडेस उभा केला.

त्रिकोण ठेवून परततांच त्यानें उत्साहानें जॅक लावून चाक उचललें आणि पाना घालून नट फिरवूं लागला. नटाबरोबर चाकच फिरूं लागलें! चाक जमिनीवर टेकलेलें असतांनाच नट थोडे थोडे सैल करून घ्यावयाचे, मग उचलावयाचें, हा क्रम. पुतणी हंसली, आणि गाडी पुन्हां खालीं घेतली.

हंसतां हंसतांच तिनें दोन दगड आणून पुढच्या चाकांना लावले. घाटांत बैल थांबले कीं गाडीवान आधीं चाकामागें दगड लावी, तीच ही रीत. हातब्रेक बहुधा मागच्या चाकांनाच धरतो. त्यांपैकीं एक उचललें म्हणजे त्याची अर्धी पकड गेलीच.

जादा चाकास आपण 'स्टेपनी' म्हणतों, तें वेल्समधील लानेली गांवच्या स्टेपनी नांवाच्या रस्त्यावरून. तेथें १९०४ च्या सुमारास असें चाक तयार होऊं लागलें. त्यापूर्वीं मोटारींबरोबर जादें चाक नसेच, भर रस्त्यांत बसून टायर दुरुस्त करावा लागे. आमची स्टेपनी मात्र गाडी घेतल्यापासून सामानाखालीं निजलेली होती आणि तिच्यांत हवा किती आहे हें आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें. ही चूक आमचीच.

ती बाहेर काढून, सुटावयाच्या चाकाशेजारीं, गाडीच्या पोटाखालीं आडवी सरकविली. सैल केलेले नट हातानें काढले, चाक निघालें. तेवढ्यांत एक नट घरंगळत गाडीखालीं गेला. पुतण्यानें खांद्यापर्यंत हात आंत घातला.

"दादा, हात काढ! काठीनें ओढ ना!" पुतणी एवढ्या जोरानें ओरडली कीं त्यानें दचकून हात मागें घेतला. तो काठी शोधावयास वळला असेल-नसेल, तोंच भुसभुशीत मुरमांत जॅकची एक बाजू खचली, जॅक कलला आणि गाडी धप्पकन् खालीं आली. ती स्टेपनीवर टेकली. नट तिच्या पलीकडे वीतभर अंतरावर चमकत होता.

कोणी कांहीं बोललें नाहीं. देवळाच्या ओट्यावर इतका वेळ टायरच्या किंमतीचा हिशेब मांडीत बसलेले काका उठले, टपरीकडे गेले आणि तेथल्या बाईंकडून एक जाड पाट मागून घेऊन आले. त्यांनींच तो मुरमावर ठेवून पायानें दाबून पाहिला. त्यावर जॅक बसवून गाडी पुन्हां उचलली, स्टेपनीच्या जागीं जुनें चाक सरकविलें आणि स्टेपनी चढविली. नट आधीं हातानें, मग पान्यानें एकाआड एक समोरासमोरचे आवळले, म्हणजे चाक तिरपें बसत नाहीं. जुनें चाक ओढून गाडी जमिनीवर टेकल्यावर ते शेवटचे घट्ट केले. पाट परत देतांना काकूंनीं सर्वांसाठीं चहा सांगितला.

स्टेपनी थोडी बसलेलीच दिसत होती, म्हणून घाट अगदीं हळू उतरलों आणि हवा मिळेल त्या पहिल्या जागीं थांबून ती भरून घेतली. शिवथरघळींत पोंचलों तेव्हां ऊन कलूं लागलें होतें. काकूंचें दर्शन निवांत झालें.

रात्रीं महाडास टायर उघडून पाहिला. बोटाच्या पेराएवढा खिळा होता. छिद्र सहज बुजलें असतें. पण बाजूच्या कडा आंतून पार चुरगळल्या होत्या आणि टायर टाकूनच द्यावा लागला. नव्याचे पैसे देण्यास आम्हीं पाकीट काढलें, तों काकांनीं आमचा हात बाजूस सारून स्वतः नोटा मोजल्या. तो खिळा त्यांनीं कागदांत गुंडाळून खिशांत ठेवला.