फिरंगाणची सरहद्द

पोर्तुगीज म्हटले की आपण थेट गोव्याला पोचतो. पण दमणपासून चौलपर्यंत त्यांचा ‘उत्तर प्रांत’ होता, मुख्य ठाणे वसई. त्याला लागून आधी गुजरातचे सुलतान आणि अहमदनगरची निजामशाही, पुढे मोगल. वसई मिळाली तीही अडल्या वेळी. हुमायून चालून येणार म्हटल्यावर बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये ती लिहून दिली.

*

या सरहद्दीवरचा माझा आवडता माणूस गार्सिया द ओर्ता. धर्म बदललेल्या ज्यू घराण्यातला वैद्य. मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होते, आणि बुऱ्हाण निजामशहाला औषध द्यायला हा अहमदनगरला जाई. १५६३ मध्ये त्याचा औषधींवरचा ग्रंथ गोव्यात छापला गेला. तो १५६८ मध्ये वारला, आणि १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. पलीकडचा सुलतान याच्या हातचे औषध घेत होता. दगा दिला तो अलीकडच्यांनी.

*

१५७०-७१. आदिलशहा गोव्यावर, मुर्तझा निजामशहा चौलवर. दोन्ही वेढे फसले, तह झाला.

*

काळेवाडीहून निघायचे, खोपोली, पेण, अलिबाग करत रेवदंडा गाठायचे. कुंडलिकेवरचा साळावचा पूल ओलांडला की कोर्लई दूर नाही. गड म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामधली उंच, चिंचोळी सोंड. रेवदंडा, म्हणजे पोर्तुगिजांचे चौल, तिथून समोरच, तोफेच्या टप्प्यात. म्हणूनच निजामशहाने इथे बांधकाम काढले, आणि म्हणूनच १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी ते हिसकावले. वर बिनछपराचे चर्च आहे, दारांवर पोर्तुगीज लेख. आपले लोक तटावर सेल्फी काढतात, लेखाकडे कुणी बघत नाही. खालच्या गावात ख्रिस्ती कुटुंबे आजही पोर्तुगीज वळणाची नौलिंग बोलतात, आणि बाजारहाटाला मराठी.

*

चाकणकडून भीमाशंकरला जाणारे आमच्याकडे ढिगाने. शनिमंदिराजवळची थोरली घंटा सगळे बघतात. ती पोर्तुगीज आहे. चिमाजी अप्पांच्या वसईच्या लुटीतली, असे सांगतात.

*

वसई मे १७३९ मध्ये पडली, चौल आणि कोर्लई १७४० मध्ये मराठ्यांकडे आले. शाळेत आपल्याला एवढे शेवटचे पान शिकवतात. आधीची दोनशे वर्षे वगळून चिमाजी अप्पांनी नेमके काय जिंकले, ते पोरांना कळायचे नाही.