दोन्हीकडचा ळ

गुरुवारी संध्याकाळी कोथरूडच्या एका बांधकामावर, पत्र्याच्या खोलीपुढे आम्ही चित्रांचं पुस्तक उघडून बसतो. रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या ‘डोअर स्टेप स्कूल’बद्दल वाचलं होतं: शाळाच मुलांच्या दाराशी न्यायची. तेव्हापासून इथे यायला लागले.

मुलगी वाचते, ‘केळं’. विजापूरकडून आलेली तिची आई हसून कन्नडमध्ये म्हणते, ‘बाळेहण्णु.’ दोन्हीकडे तोच ळ. सिमेंटनं तडकलेलं आईचं बोट त्या अक्षराच्या वळणांवरून सावकाश फिरतं.

शिकवायला आले होते मी. घरी जाताना मात्र जीभ टाळूला लावून ‘बाळेहण्णु’ घोळवत राहते. शेवटचा स्लॅब पडला की त्या दोघी कुठे जातील, विचारलं नाही. पुस्तक त्यांच्याकडेच ठेवून आले.