सोडला कुठं?

हैदराबाद,
वैशाख

ती. दादास,


शमशाबादच्या विमानतळात बिबट्या शिरल्याची बातमी आली तेव्हा ज्याचा फोन येई तो ‘तुम्ही सगळे सुखरूप ना?’ एवढंच विचारी. तू एकट्यानं विचारलं होतंस, ‘धरला ते ठीक, पण सोडला कुठं?’ जुन्नरकडच्या माणसालाच हे सुचणार. फोनवर ते बोलणं राहूनच गेलं. आता तू नातवंडांना घेऊन मे महिन्यात येतोयस आणि ‘तुमच्या त्या धोंड्यांत उन्हाळ्यात बघायला काय असतं?’ असं लिहितोयस. या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच पत्रात देते, कारण माझ्या लेखी ते एकच आहे.

आधी बिबट्या. एप्रिल 2024 च्या अखेरीस तो विमानतळाच्या कुंपणाजवळ दिसला. वनखात्यानं पिंजरे लावले, आमिषाला शेळ्या बांधल्या, कॅमेरे बसवले. काही दिवस त्यानं हुलकावणी दिली आणि मेच्या पहिल्या आठवड्यात पिंजऱ्यात आला. त्याला अमराबादच्या व्याघ्रप्रकल्पात नेऊन सोडलं, म्हणजे नल्लमलाच्या डोंगररांगेत, इथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. त्याआधी 2020 च्या टाळेबंदीत, 14 मेला, काटेदानजवळ भर हमरस्त्यावर एक बिबट्या बसलेला सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजेंद्रनगरला एक धरला, त्याचीही रवानगी अमराबादलाच झाली.

नकाशा पाहिलास तर ही सगळी ठिकाणं शहराच्या नैर्ऋत्येला, हिमायतसागरच्या आसपास दिसतील. 1908 च्या मुसीच्या पुरानंतर निजामानं उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले. त्यांच्या पाणलोटात मोठी बांधकामं होऊ नयेत म्हणून 1996 मध्ये 84 गावांसाठी सरकारी आदेश निघाला, तो 111 नंबरचा जीओ. हेतू पिण्याचं पाणी वाचवण्याचा होता, पण त्यामुळे दगडाच्या टेकड्या, शेतं आणि झुडुपं अशी सलग पट्टीही शाबूत राहिली. 2022 मध्ये ते निर्बंध उठवण्याचा निर्णय झाला. आमच्याकडच्या चर्चेत तेव्हा जमिनीचे भाव होते. त्या टेकड्यांत आधीपासून कोण राहतं, हे माझ्या कानावर तरी आलं नाही.

बिबट्या पिंजऱ्यात गेला की बातमी संपते, याचा मला फार त्रास होतो. तुमच्याकडे त्यापुढचं पाहिलं गेलं. 2001 पासून जुन्नर भागात बिबटे पकडून दूर जंगलात सोडायला लागले. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हिशेब मांडला, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते ते 17 वर गेलेले निघाले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, घराकडे चालू लागतं. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला तो ‘आजोबा’ नावाचा बिबट्या माळशेजला सोडल्यावर पार मुंबईपर्यंत चालत गेला, ते तर तुझ्या नातवंडांनाही ठाऊक असेल. आणि इथं रिकामी झालेली जागा? टेकडीवर भक्ष्य, आडोसा, पाणी असेल तर दुसरा येतो. म्हणून मी बिबट्यापेक्षा टेकडीचीच जास्त काळजी करते.

आता टेकड्यांचं. तू सह्याद्रीत वाढलेला, तुला कातळ म्हणजे काळा, थरांचा, कड्यांचा. तो लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांचा. इथला ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांचा आहे. जमिनीच्या पोटातच त्याला तडे गेले, तड्यांत पाणी मुरलं, कोपरे झिजले, आणि वरची माती वाहून गेल्यावर हे गोल धोंडे उघडे पडले. खाजागुड्याच्या टेकडीवर पहाटे पाचला चढायला लागू. खाली दर्गा आहे, देऊळही आहे. दगड खरबरीत आहे, बूट छान धरतो, पण तुला सवय असलेल्या खोबणी शोधू नकोस. तळपाय पूर्ण टेकवून सरळ चालत जायचं. नऊच्या आत उतरायचंच. त्यानंतर खडक असा तापतो की हात ठेववत नाही, आणि रात्री उशिरापर्यंत तो धग सोडत राहतो. माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि परतल्यावर ताक.

मुलांना मी धोंड्यांच्या मधल्या फटी दाखवणार आहे. वर पारा बेचाळीसला टेकलेला असतो, पण दोन धोंड्यांच्या बेचक्यात हात घातला की गार लागतं. पावसाचं पाणी तिथं झिरपून राहतं, पालापाचोळा कुजून माती होते, त्यात सीताफळ आणि पिंपळ रुजतात. घोरपड, साप, मुंगूस, साळिंदर सगळे दुपार तिथंच काढतात. खडकावरचा नर सरडा विणीच्या दिवसांत लालभडक होतो, तो भर उन्हात माना डोलावताना दिसेल. दगडी कपारींत राहणारं शृंगी घुबड तिन्हीसांजेला ऐकू येतं. सुरुंग लावून एक धोंडा फोडला की ही सावली गेली. झाडं पुन्हा लावता येतील, अडीचशे कोटी वर्षांचा दगड कोण लावणार?

इथं याची कळकळ असणारी माणसं आहेत. 1996 पासून सोसायटी टू सेव्ह रॉक्स दगड वाचवण्यासाठी झटते आहे. त्यांच्यातल्याच नरेंद्र ल्यूथर यांनी तर बंजारा हिल्सवरचं आपलं घर खडक न फोडता, खडक आत घेऊन बांधलं. पण 2025 च्या गुढीपाडव्याला, सुट्ट्यांचे दिवस गाठून, हैदराबाद विद्यापीठाला लागून असलेल्या कंचा गचिबावलीच्या 400 एकरांत बुलडोझर शिरले. तिथं चितळ, मोर आणि पाठीवर चांदण्या असलेली कासवं. 3 एप्रिलला सुप्रीम कोर्टानं तोड थांबवली, तोवर बरंच रान साफ झालं होतं. त्याच दिवसांत विद्यापीठाच्या आवारात एक चितळ कुत्र्यांच्या तावडीत सापडून मेलं. त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही, दादा.

तेव्हा दोन कामं कर. एक, मुलांना जाड तळव्याचे बूट घेऊन दे, चपला चालणार नाहीत. दुसरं महत्त्वाचं. येण्याआधी माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात जाऊन तिथल्या लोकांशी बोल. रात्री उसाला पाणी देताना, मुलांना शाळेत पाठवताना, कुत्री आणि शेळ्या बांधताना गावोगाव काय काळजी घेतात, ते सविस्तर लिहून आण. जूनच्या सुरुवातीला आमच्या कॉलनीची सभा आहे. मागच्या टेकडीला उंच भिंत घालावी आणि बिबट्या दिसलाच तर पिंजरा मागवावा, असा ठराव येणार आहे. मी विरोधात बोलणार आहे, आणि बोलताना माझ्या हातात तुझ्या गावाचा अनुभव असायला हवा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी