मूठभर ज्वारी आणि मुलांची पंगत

मैत्रिणींनो, 'मुष्टिफंड' हा शब्द ऐकलाय का कधी? घरात कुणी नव्वदीला टेकलेलं माणूस असेल तर विचारून पाहा. रोजच्या धान्यातली एक मूठ काढून बाजूच्या डब्यात टाकायची आणि डबा भरला की चांगल्या कामाला द्यायचा, एवढाच तो फंड. पण माझ्या माहेरी, अमरावतीत, या मुठींवर गरीब मुलांचं एक वसतिगृह चाललं. श्रद्धानंद छात्रालय.

ते काढलं डॉ. पंजाबराव देशमुखांनी, 1920 नंतरच्या दशकात. पापळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा विलायतेहून वेदवाङ्मयावर डॉक्टरेट मिळवून, बॅरिस्टर होऊन परतला होता. छात्रालयात त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल, मुठीनं काय होतं? आपण बायका हिशेबाच्या पक्क्या, मांडून बघू. एक मूठ म्हणजे साधारण 50 ग्रॅम ज्वारी. महिन्याची झाली दीड किलो. वाढत्या वयाच्या पोराला दिवसाला अर्धा किलो धान्य धरलं, तर महिन्याला 15 किलो. म्हणजे दहा घरांच्या मुठीत एका मुलाच्या भाकरी निघाल्या! दहाही घरांत कुणाला जाणवलंसुद्धा नसेल.

पण मला त्या ज्वारीपेक्षा तिचा प्रवास मोठा वाटतो. काळ आठवा. 1927 साली अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ चालू होती. नोव्हेंबरात त्यासाठी शहरात परिषद भरली, तिचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. देवीच्या दारात जिथे अशी आडकाठी, तिथे घरच्या स्वयंपाकघराची काय कथा! ज्या मुलाला उंबरठा ओलांडता येत नव्हता, त्याच्या ताटात त्याच उंबरठ्याच्या आतली ज्वारी पोचत होती. देणाऱ्या बाईला ते ठाऊक असेल किंवा नसेलही. पंजाबरावांनी त्याच वर्षी स्वतः जातीबाहेरच्या विमलाबाईंशी लग्न केलं. लग्नानंतर त्या शिकल्या, वकिलीची पदवी घेतली आणि पुढे राज्यसभेवरही गेल्या.

तिकडे साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात हेच चाललं होतं. तिथल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. आपल्याला कुणी तेवढं मागत नाही.

हे सगळं आज का सांगते आहे, तर माझ्या सासरी, अकोल्यात, आमची बारा जणींची भिशी आहे. गेल्या उन्हाळ्यात कॉलेजातली पाच मुलंमुली तिथे आली. "काकू, थोडे पैसे हवेत," म्हणाली. वर्गणी गणपतीची नव्हती, सहलीची नव्हती. मेळघाटातून शिकायला येणाऱ्या मुलींची घरची भाषा कोरकू. मराठी त्यांना येते, पण ऑफिसच्या खिडकीवरची मराठी म्हणजे आपल्यालाही घाम फोडणारी! कुठला अर्ज कुठे द्यायचा, शिष्यवृत्तीला कोणते कागद लागतात, मेसचे पैसे कधी भरायचे, हे सोप्या मराठीत आणि कोरकूत छापून पहिल्याच दिवशी हातात द्यायचं. दोन अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं मोबाइलवर वाचून ठेवायची. आणि महिन्यातून एका रविवारी मेसमध्ये सगळ्यांनी मिळून रांधायचं, एका पंगतीत जेवायचं. परदेशातल्या विद्यापीठांत मुलांना अशा कामांसाठी छोटे निधी मिळतात म्हणे. आपल्याकडेही 1969 पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे, पण 200 रुपयांच्या झेरॉक्ससाठी कुणी मंजुरीची वाट बघत बसावं?

छपाईला सगळ्या तयार. घोडं अडलं पंगतीवर. आमच्यातल्या एक मोठ्या बाई म्हणाल्या, "पैसे घ्या ना माय, पन हे सारे एका पंगतीत कायले पाह्यजेत?" कुणी काही बोललं नाही. त्या वाईट नाहीत हो, शेजारच्या आजारपणात रात्र रात्र जागणाऱ्या बाई. पण त्यांना वाटलं ते बऱ्याच जणींच्या मनात असतं, त्या बोलल्या एवढंच. दुसऱ्या एकीनं तोडगा काढला की पैसे आपले, तर रविवारचा बेतही आपणच ठरवू आणि कोण कुठे बसेल तेही.

इथे मात्र मी हटून बसले. हिशेब मागावा, पैचा मागावा. पण पान कुणाच्या शेजारी मांडायचं हे मुलं ठरवतील. बेत आपण ठरवला की ते आपलं हळदीकुंकू झालं, त्यांचं काम राहिलं नाही. हॉस्टेलवर एकमेकांच्या खोलीत राहायचं त्यांना आहे. कोण कुणाला टाळतं, कुणाच्या डब्याला कोण नाक मुरडतं, हे त्यांना दिसतं. आपल्याला दारातून काय दिसणार?

तासभर वाद झाला. अखेर दर महिना प्रत्येकी 100 असे 1,200 रुपये ठरले. एक जण भिशीतून गेली, तिच्या जागी दुसरी आली. मोठ्या बाई राहिल्या. पंगतीला त्या अजून गेलेल्या नाहीत, पैसे मात्र पहिल्या तारखेला देतात.

मुलांची वही मी दर महिन्याला बघते. अक्षर गचाळ, पण बेरीज बरोबर. कोरकूतला कागद मेळघाटच्याच दोन मुलींनी लिहिला. छापखान्यात दोनदा चुकला, दोनदा बदलून घेतला. पहिल्या पंगतीला तुरीचं वरण कमी पडलं, तेही खर्चाच्या शेजारी प्रामाणिकपणे लिहिलंय!

आता त्यांनी नवंच काढलंय. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या एका मुलीसाठी लायब्ररीच्या पायऱ्यांवर लाकडी उतरण बसवायची आहे. प्राचार्यांची परवानगी त्यांनीच मिळवली. सुतारानं सांगितलेला आकडा आमच्या तीन महिन्यांच्या पैशांएवढा आहे. येत्या शनिवारी भिशी माझ्याकडे आहे, तेव्हा ठरवायचंय.