एका मिस्सेचे दोन हेतू

सन १९७९ मधील पवित्र सप्ताह मला अजून लख्ख आठवतो. वसईच्या आमच्या घरी त्या दिवसांत रेडिओ बंद असे. गाणी नाहीत, श्रुतिका नाहीत. वडिलांनी केवळ बातम्यांपुरती सवलत ठेवलेली. पवित्र गुरुवारची उपासना आटोपून आम्ही घरी परतलो, ओट्यावर बसलो आणि आकाशवाणीवरून बातमी कानी आली : टांझानियाच्या फौजांनी युगांडाची राजधानी कंपाला ताब्यात घेतली असून हुकूमशहा इदी अमीन परागंदा झाला आहे. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, कॉलेजात शिकत होतो. मी उठून टाळीच वाजविली. आईने डोळे वटारले. तो दिवस टाळ्या वाजविण्याचा नव्हता. माझे लक्ष मात्र काकांकडे होते.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मूळचे गोव्याचे. कंपालातील एका सरकारी कचेरीत ते सोळा वर्षे कारकून होते. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने तेथील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचे फर्मान काढले. हजारो गुजराती दुकानदारांबरोबर गोव्याचे कारकून, शिंपी आणि शिक्षकही त्या लाटेत सापडले. मावशी, काका आणि त्यांची दोन लेकरे दोन ट्रंका घेऊन निघाली. एंटेबीच्या विमानतळावर जाणाऱ्या रस्त्यात शिपायांनी त्यांना तीनदा अडविले. तिसऱ्या वेळी मावशीच्या हातातील बांगड्याही गेल्या. वसईस आल्यावर काकांनी एका गोदामात हिशेबनिसाची नोकरी धरली. त्या दिवसांविषयी ते फारसे बोलत नसत.

म्हणून मला वाटले, आज तरी काका आनंदतील. ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी एवढेच विचारले, "मसाकाचे काय झाले, ते सांगितले का रे?"

मसाका हे युगांडाच्या दक्षिणेकडील गाव. टांझानियाच्या सरहद्दीवरून कंपालाला जाणारा रस्ता तेथूनच जातो. आफ्रिकेतील आधुनिक काळातले पहिले देशी कॅथोलिक बिशप, जोसेफ किवानुका, यांचे ते धर्मक्षेत्र. काकांच्या कचेरीतला त्यांचा जिवलग सोबती मसाकाचा होता. काकांचे कपाट, शिवणयंत्र आणि भिंतीवरची पवित्र हृदयाची तसबीर त्यानेच सांभाळावयास नेली होती. त्याचा थोरला मुलगा दोन वर्षांपासून तुरुंगात होता. कशासाठी, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

'कशासाठी' हा प्रश्न त्या काळच्या युगांडात विचारण्याची सोय नव्हती. २५ जानेवारी १९७१ रोजी, राष्ट्राध्यक्ष ओबोटे सिंगापूरला राष्ट्रकुल परिषदेस गेले असता, सेनापती अमीनने सत्ता बळकावली. सप्टेंबर १९७२ मध्ये ओबोटे यांच्या सशस्त्र अनुयायांनी टांझानियातून चढाई करून पाहिली, ती फसली. आणि अवघ्या काही दिवसांत देशाचे सरन्यायाधीश बेनेदिक्तो किवानुका यांना शिपायांनी न्यायालयातूनच ओढून नेले. ते कॅथोलिक होते, युगांडाचे पहिले पंतप्रधान होते. ते पुन्हा दिसले नाहीत. फेब्रुवारी १९७७ मध्ये अँग्लिकन आर्चबिशप जनानी लुवुम यांची हत्या झाली आणि सरकारने तो मोटार अपघात असल्याचे जाहीर केले. अमीनच्या आठ वर्षांत किती माणसे मारली गेली, याचे अंदाज ऐंशी हजारांपासून पाच लाखांपर्यंत जातात. जेथे प्रेतांचीही मोजदाद होत नाही, तेथील जुलमाचे मोजमाप कशाने करावे?

अशा राज्यकर्त्याला घालविण्यासाठी शेजाऱ्याने सैन्य घेऊन त्याच्या देशात शिरावे काय? त्या पवित्र गुरुवारी मला हा प्रश्नच वाटत नव्हता. शिवाय शिरणारा माणूस आपल्यातला होता.

ज्युलियस न्येरेरे यांना त्यांचे लोक 'म्वालिमू', म्हणजे गुरुजी, म्हणत. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १९४३ साली, त्यांनी कॅथोलिक म्हणून बाप्तिस्मा घेतला. त्यांचे उच्च शिक्षण कंपालाच्या मकेरेरे महाविद्यालयात झाले होते. म्हणजे जे शहर पुढे त्यांच्या सैन्याने जिंकले, त्याच शहरात त्यांनी विद्यार्थिदशा घालविली होती. राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही त्यांनी नित्य मिस्सेचा परिपाठ सोडला नाही. शेक्सपिअरची दोन नाटके त्यांनी स्वाहिलीत आणली. १९८५ साली त्यांनी आपण होऊन अध्यक्षपद सोडले आणि १९९९ साली ते वारले. त्यांना संतपद मिळावे म्हणून मुसोमा धर्मप्रांताने २००५ साली प्रक्रिया सुरू केली. अर्थात, त्यांच्या राज्यातही एकच पक्ष होता, विनाचौकशी स्थानबद्धता होती आणि लाखो शेतकऱ्यांना सक्तीने नव्या खेड्यांत हलविण्यात आले होते, हेही लपवून चालणार नाही.

ऑक्टोबर १९७८ च्या अखेरीस अमीनच्या सैन्याने टांझानियाच्या कागेरा नदीपर्यंतचा प्रदेश व्यापला, तो युगांडास जोडल्याची घोषणा केली, गुरेढोरे पळविली, माणसे मारली. आफ्रिकी राष्ट्रांच्या संघटनेने आक्रमकाचा निषेध केला नाही. दोघांनी समेट करावा, एवढेच सुचविले. न्येरेरे यांनी सैन्य उभे केले आणि वर्ष सरण्याच्या आत आपली भूमी सोडवून घेतली.

खरा प्रश्न येथून सुरू होतो. चोर अंगणातून हाकलला गेला होता. आता त्याच्या मागोमाग त्याच्या घरात शिरावयाचे काय? जानेवारी १९७९ मध्ये टांझानियाच्या फौजांनी सरहद्द ओलांडली. फेब्रुवारीच्या अखेरीस मसाका आणि म्बरारा पडले. लिबियाच्या गद्दाफीने अमीनच्या मदतीस सैनिक पाठविले, तेही हरले. आणि ११ एप्रिलला, पवित्र सप्ताहाच्या बुधवारी, कंपाला हाती आले. ही दोन निरनिराळी युद्धे आहेत, असे न्येरेरे सांगत : टांझानियाचे युद्ध स्वतःच्या सुरक्षिततेसाठी आणि युगांडाच्या लोकांचे युद्ध स्वतःच्या मुक्ततेसाठी. परागंदा युगांडावासीयांच्या तुकड्या त्यांच्या फौजांबरोबर चालत होत्या, हे खरे. परंतु तोफा बहुतांशी टांझानियाच्याच होत्या.

जून महिन्यात मसाकाहून काकांना पत्र आले. ते त्यांनी मला वाचावयास दिले. काकांच्या सोबत्याची म्हातारी आई तोफेच्या गोळ्याने घर कोसळून त्याखाली गेली होती. गोळा अमीनच्या शिपायांचा नव्हता, मुक्तिदात्यांचा होता. कागेराचा सूड म्हणून टांझानियाच्या सैनिकांनी मसाका आणि म्बरारा या गावांची केलेली नासधूस इतिहासकारांनी नोंदविलेली आहे. तेव्हा आम्हांला ती त्या एका पत्रातून कळली. पत्राच्या दुसऱ्या पानावर होते की, कंपाला पडल्यावर तुरुंगाची दारे उघडली आणि थोरला मुलगा चालत घरी आला. घर नव्हते, म्हणून तो मिशनच्या शाळेत उतरला.

पत्र वाचून मी काकांना म्हणालो, "काका, शेवटी मुलगा तर सुटला!" त्यांनी पत्राची घडी केली. "त्याची आजी त्याला पाहावयास राहिली नाही, तेही म्हण," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काका मला बरोबर घेऊन चर्चमध्ये गेले. त्यांनी फादरांना एक मिस्सा सांगितली आणि तिचे दोन हेतू दिले : मुलाच्या सुटकेबद्दल उपकारस्तुती आणि म्हातारीच्या आत्म्याला चिरशांती. फादर म्हणाले, "दोन वेगळ्या दिवशी घेऊ या का?" काका म्हणाले, "नको फादर, दोन्ही गोष्टी एकाच युद्धाने केल्या आहेत. एकाच वेदीवर ठेवा."

ख्रिस्तसभेच्या शिकवणीत हे दोन्ही हेतू एकत्र सामावलेले आहेत, हे मला पुढे अभ्यासातून उमगले. संत ऑगस्टीन यांनी न्याय्य युद्धाच्या विचाराचा पाया घातला. संत थॉमस अक्विनस यांनी तेराव्या शतकात तीन अटी घातल्या : युद्ध पुकारणारा अधिकारी खरा असावा, कारण न्याय्य असावे, हेतू शुद्ध असावा. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षण ग्रंथाने कसोटी आणखी कडक केली. आक्रमकाकडून होणारी हानी टिकाऊ, गंभीर आणि निश्चित असली पाहिजे. इतर सर्व मार्ग खुंटलेले असले पाहिजेत. यशाची खरी आशा असली पाहिजे. आणि शस्त्रांमुळे होणारे अनिष्ट हे घालवावयाच्या अनिष्टाहून मोठे असता कामा नये. या शिकवणीचा मूळ शब्द 'बचाव' हा आहे. दुसऱ्याच्या देशातील वाईट राजा बदलण्याचा परवाना तिने कोणाला सहज दिलेला नाही. २०२० साली पोप फ्रान्सिस यांनी तर लिहिले की, आजच्या शस्त्रांच्या काळात 'न्याय्य युद्ध' म्हणण्यासाठी त्या जुन्या कसोट्यांचा आधार घेणे फार अवघड झाले आहे.

या कसोटीला मी न्येरेरे यांचे युद्ध लावून पाहतो. त्यांच्यावर आधी हल्ला झाला होता. सरहद्दीवर थांबले असते तर अमीन पुन्हा आला नसता, याची हमी कोण देणार होते? लुटीसाठी ते गेले नाहीत. उलट त्या युद्धाला सुमारे ५० कोटी डॉलर खर्च आला आणि तो गरीब देश अनेक वर्षे त्या ओझ्याखाली वाकला. कंपाला पडण्यापूर्वीच, मार्चमध्ये, मोशी या गावी युगांडाच्या परागंदा गटांना एकत्र बसवून पुढील कारभाराचा विचार झाला. तरीही मन्रोव्हियाच्या परिषदेत, जुलै १९७९ मध्ये, सुदान आणि नायजेरियाच्या प्रमुखांनी त्यांना धारेवर धरले. त्यांचे भय खोटे नव्हते. आफ्रिकेच्या सरहद्दी परक्यांनी आखलेल्या. एकाने चांगल्या कारणासाठी ओलांडली की दुसरा वाईट कारणासाठी ओलांडावयास मोकळा.

२००३ साली अमेरिकेने इराकवर चढाई करण्याचे ठरविले, तेव्हा आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात यावर चर्चा झाली. मी तोवर शाळेत इतिहास शिकवू लागलो होतो. सद्दाम हुसेन जुलमी आहे, तेव्हा न्येरेरे यांना जे शोभले ते इतरांना का शोभू नये, असे मी मोठ्या आत्मविश्वासाने मांडले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी मात्र त्या युद्धाला ठाम विरोध केला होता. राखेच्या बुधवारी त्यांनी जगाला शांतीसाठी उपवास करावयास सांगितले आणि त्याच दिवशी त्यांचे दूत कार्डिनल पिओ लागी अध्यक्ष बुश यांना वॉशिंग्टनमध्ये भेटले. बुश यांनी ऐकले नाही. ज्या भयंकर शस्त्रांचे कारण सांगितले होते, ती सापडली नाहीत. सद्दाम गेला, पण मे महिन्यात देशाचे सैन्यच मोडीत काढण्यात आले, आणि पुढे रस्त्यारस्त्यांत रक्त सांडले. ३१ ऑक्टोबर २०१० रोजी बगदादच्या आमच्या तारणमातेच्या चर्चमध्ये मिस्सा चालू असताना हल्ला होऊन दोन धर्मगुरूंसह पन्नासांहून अधिक जण मारले गेले. युद्धापूर्वी तेथे दहा लाखांहून अधिक ख्रिस्ती होते, असे बहुतेक अंदाज सांगतात. आज त्यांचा लहानसा अंश उरला आहे. त्या सभेत मी मांडलेली तुलना चुकीची होती, हे मी येथे मान्य करतो.

त्याच वर्षी १६ ऑगस्टला इदी अमीन सौदी अरेबियातील जेद्दाच्या रुग्णालयात मरण पावला. त्याच्यावर कधीही खटला चालला नाही. काका तेव्हा ऐंशीच्या घरात होते. बातमी वाचून त्यांनी क्रुसाची खूण केली आणि मला विचारले, "अरे, तो गेल्यावर तिथे सुख आले का?"

उत्तर मला ठाऊक होते. उत्तम शुक्रवारी, १३ एप्रिल १९७९ रोजी, युसुफ लुले राष्ट्राध्यक्ष झाले, ते जूनमध्येच पदच्युत झाले. त्यांच्यानंतर आलेले बिनाइसा वर्षभर टिकले. डिसेंबर १९८० च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर ओबोटे परतले आणि लुवेरोच्या परिसरात पुन्हा माणसे कापली जाऊ लागली. १९८६ साली मुसेवेनी यांनी बंड करून सत्ता घेतली आणि तेही दशकानुदशके खुर्चीवर राहिले. शुभवर्तमानात प्रभू येशूने सांगितलेला दाखला आपण जाणतो : अशुद्ध आत्मा निघून जातो, परतून पाहतो तो घर झाडलेले पण रिकामे, मग तो आपल्याहून दुष्ट असे आणखी सात घेऊन येतो. पाहुण्याच्या तलवारीने घर रिकामे होऊ शकते. ते भरावयाचे असते घरच्याच माणसांनी, आणि त्याला वेळ लागतो.

मग माझे आजचे मत काय? न्येरेरे यांचे करणे मला आजही समर्थनीय वाटते. तुरुंगातल्या त्या मुलाला 'परराष्ट्राच्या सरहद्दी पवित्र असतात' असे सांगण्याचे धैर्य मला होणार नाही. परंतु अशी वेळ फार क्वचित येते. शेजाऱ्याच्या हिंसेची झळ प्रत्यक्ष आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेली असावी, घरातली माणसे बरोबर असावीत, आणि झालेल्या विध्वंसाची किंमत शिरणाऱ्याने स्वतः मोजावी. एवढे सारे जुळले, तरी तो विजयोत्सवाचा विषय होत नाही. मसाकातील म्हातारीचा मृत्यू न्याय्य युद्धातही अन्यायच राहतो. कारण चांगले होते म्हणून त्याचा हिशेब मिटत नाही.

काका आता हयात नाहीत. मुक्त झालेल्या एखाद्या राजधानीतील जल्लोषाची बातमी आली की, मला त्यांचा प्रश्न आठवतो. त्या शहराला जाणाऱ्या वाटेवर एखादे मसाका असेल. त्याचे काय झाले, ते सांगितले का? मग मी चर्चमध्ये जातो, आणि मिस्सेसाठी दोन हेतू देतो.